गॅनॉंगचा पोटोमीटर: वर्षभराच्या वापरानंतर

बाष्पोच्छ्वास (पानांतून पाण्याची वाफ उडणं) मोजायचं उपकरण म्हणून हे विकतात, पण प्रत्यक्षात ते फांदीने ओढलेलं पाणी मोजतं: फांदी पाणी ओढते तसा केशनळीतला, म्हणजे बारीक भोकाच्या काचनळीतला, हवेचा बुडबुडा सरकतो. फांदी टवटवीत असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, मलूल होऊ लागली की येत नाहीत. हे ध्यानात ठेवून वापरलं तर उपकरण चांगलं आहे. लहरी मात्र भारी.

निम्म्या तक्रारी गळतीच्या असतात. सोबत आलेलं कॉर्कचं बूच बाजूला ठेवा आणि रबरी बूच घ्या. त्याचं भोक फांदीपेक्षा किंचित बारीक हवं. सांध्यांना व्हॅसलीन लावा, पण कापलेल्या टोकाला लागू देऊ नका. फांदी पाण्याखालीच तिरकी कापायची, कारण हवेत कापली की वाहिन्यांत हवा शिरते आणि केशनळीतला बुडबुडा ढिम्म हलत नाही. अडुळसा उत्तम चालतो. कण्हेर आणि तगर चिकामुळे बाद, जास्वंद बुळबुळीत स्रावामुळे. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर त्यात विरघळलेली हवा बुचाखाली जमते.

खरी गोम तापमानात आहे. खोलीच्या तापमानाला 100 मिली पाणी एका अंशाने तापलं तर साधारण 0.025 मिली फुगतं. 1 मिमी भोकाच्या केशनळीत हे 30 मिमीच्या वर जातं! म्हणून जवळ साधा बल्ब लावून प्रकाशाचा परिणाम बघायला गेलं की बुडबुडा चक्क उलटा सरकतो, आणि जर्नलमध्ये ‘प्रकाशात वेग घटतो’ असं लिहिलं जातं. एलईडी दिवा वापरा, काचेच्या भागाला फॉइल गुंडाळा आणि फांदी बसवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. शंका वाटली तर फांदीऐवजी काचेची कांडी बसवून बघा: तरीही बुडबुडा हलला तर दोष गळतीचा किंवा तापमानाचा.

हिशोब सोपा आहे. 1 मिमी भोकाच्या नळीत बुडबुडा 10 मिनिटांत 100 मिमी सरकला, तर ओढलेलं पाणी 0.0785 मिली, म्हणजे तासाला 0.47 मिली. याला आलेखकागदावर मोजलेल्या पानांच्या क्षेत्रफळाने भागा. भोक मात्र स्वतः तपासा, कारण 1 ऐवजी 1.1 मिमी निघालं तर उत्तर 21 टक्क्यांनी चुकतं.

उजेड-अंधार, वारा-स्थिर हवा अशा तुलनेसाठी हे घ्याच. प्रत्यक्ष किती पाणी उडालं हे हवं असेल, तर फांदी परीक्षानळीतल्या पाण्यात ठेवून वर तेलाचा थर द्या आणि 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तासातासाला वजन करा. खर्चही कमी येतो.