राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय: नाव, रंग आणि पाट्या

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हणा, पत्ता सांगावा लागत नाही. नुसतं 'भाऊ दाजी' म्हणाल, तर त्याच्या डोक्यात माटुंग्याचा भाऊ दाजी रोड येऊ शकतो. संग्रहालयाचं ब्रँडिंग तपासायचं ते इथून, कारण लोगो दिसण्याआधी माणसाच्या कानावर नाव पडतं. १८७२ मध्ये ही वास्तू लोकांसाठी उघडली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव मिळालं आणि ते योग्यच झालं, कारण या संग्रहालयासाठी देणग्या उभ्या करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण आवार प्राणीसंग्रहालयाचंही आहे आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. त्यामुळे लहान मुलं घेऊन पेंग्विन बघायला आलेल्या कुटुंबाला 'संग्रहालय' हा शब्द फाटकावरच गोंधळात टाकतो. 'राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड' असं जोडून सांगणं सगळ्यात सोपं. दोन्ही ठिकाणी बुधवारी सुट्टी असते, हेही लक्षात ठेवा.

आत पाऊल टाकलं की ओळख पटवायला लोगो लागतच नाही. फिकट हिरवा रंग, ओतीव लोखंडाचे खांब, सोन्याचा वर्ख, पायाखाली मिंटन या इंग्रज कंपनीच्या नक्षीदार फरशा. २००३ ते २००८ या काळात महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून केलेल्या जीर्णोद्धाराने हे सगळं परत उजळलं. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारही मिळाला. हा हिरवा रंग इतका ठसठशीत आहे की फोटोवर नाव नसलं तरी जागा ओळखू येते. तिकिटापासून कापडी पिशवीपर्यंत प्रत्येक छापील गोष्टीवर रंगाची हीच छटा हवी. छपाईत ती सहज बिघडते: पिवळी शाई थोडी जास्त झाली की पोपटी, काळी वाढली की मळकट. म्हणून नमुना पडद्यावर न बघता प्रत्यक्ष खांबाशेजारी धरून मंजूर करावा.

खरी परीक्षा माहितीच्या पाट्यांची. मजकूर मराठीत आहे एवढ्यावर भागत नाही. एकाच पॉइंटमध्ये, म्हणजे अक्षराच्या एकाच मापात, देवनागरी रोमन अक्षरांपेक्षा बारीक दिसते, शिवाय वेलांट्या आणि उकारांना वर-खाली जागा लागते. तेव्हा मराठी अक्षर साधारण १० ते २० टक्के मोठं आणि ओळींतलं अंतर जास्त हवं. एका वस्तूला ५० ते ७५ शब्द पुरेत. पाटीचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरच्या आसपास. मुलं आणि व्हीलचेअरवरचे लोक जास्त येतात तिथे आणखी खाली. काचेच्या कपाटात दिव्याचं प्रतिबिंब पाटीवर पडलं, तर चांगला मजकूरही वाया जातो. त्यामुळे जागा ठरवताना दिवे लावून, समोर माणूस उभा करूनच बघावं.

वरच्या मजल्यावर मुंबईतल्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. पागोटी, पगड्या, लुगड्याची नेसण... वेळ राखून ठेवावा तो इथे. संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डांना, फ्रिजवरच्या चुंबकांना याहून चांगली खाण शहरात सापडणं कठीण आहे. ताजमहालाची चित्रं ठेवायची गरजच नाही. फक्त प्रत्येक वस्तूच्या मागे मूळ प्रतिकृती कोणत्या कपाटात आहे ते छापलेलं असावं, म्हणजे घरी गेलेला माणूस पुन्हा ती शोधत येतो.

बाहेर पडताना आवारातल्या दगडी हत्तीपाशी जरूर थांबा. घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यामुळे मिळालं, तोच हा. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. अंगावरचे सांधे बघायचे तर एका बाजूने ऊन पडत असताना बघा.