रत्नागिरी की सावंतवाडी? हातात दोनच दिवस असतील तर

जायचं कोकणातच, पण नुसतं वाळूत लोळायचं नाही, काहीतरी कलेबिलेचं बघायचं आहे. अशा वेळी रत्नागिरी गाठावी की सावंतवाडी, हे मला गेल्या वर्षात चार जणांनी विचारलं. मासे, सोलकढी आणि समुद्र यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. प्रश्न उरलेल्या वेळाचा. मी रत्नागिरीला तीनदा आणि सावंतवाडीला दोनदा राहिलोय, तेव्हा माझं मत या पाच फेऱ्यांपुरतंच धरा.

रत्नागिरीची बाजू तशी भक्कम आहे. एकट्या थिबा राजवाड्यासाठी जावं असा तो आहे. ब्रह्मदेशाच्या या राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि हा वाडा उभा राहीपर्यंत १९१० उजाडलं. १९१६ मध्ये तो गेला. म्हणजे वाडा मिळाला तो जेमतेम सहा वर्षं. वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्यांपाशी उभं राहिलं की हा हिशेब आपोआप मनात येतो. शिवाय टिळकांचं जन्मघर आणि १९३१ चं पतितपावन मंदिर गावातच आहे. घरात शाळकरी पोर किंवा गुडघे दुखणारे आईवडील असतील तर पुढचं न वाचता रत्नागिरीचं तिकीट काढलंत तरी चालेल. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरी केंद्रावर चालू असेल, तर मग विचारायलाच नको.

माझं घोडं अडलं ते गणपतीपुळ्यापाशी. देवाबद्दल तक्रार नाही. पण रत्नागिरीला कुणाहीबरोबर जा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ते वाक्य येतंच: "इथवर आलोय तर पुळ्याला जाऊन येऊ." आरे-वारेचा रस्ता सुंदर, म्हणून तिथे दोनदा गाडी थांबते. मग पार्किंग, रांग, प्रसाद, किनाऱ्यावर घोडा, उंट, मक्याचं कणीस. पुळ्याच्या अगदी पलीकडे मालगुंड आहे, केशवसुतांचं गाव. त्यांचं राहतं घर आणि स्मारक बघायचं म्हणून मी तीनदा रत्नागिरीला गेलो आणि तिन्ही वेळा पुळ्याहून परत फिरलो. एकदा उशीर झाला, एकदा पाऊस, आणि तिसऱ्यांदा मेहुणे म्हणाले, "कवीचं घर काय, पुढच्या वेळी." चूक रत्नागिरीची नाही, माझ्या गोतावळ्याची आहे, हे मान्य. पण सुट्टीवर आपण गोतावळ्यासकटच जातो ना!

सावंतवाडीत असं होत नाही, कारण बघायचं ते मोती तलावाच्या आसपास, चालत जाण्याजोगं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसलेले असतात. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. हे सगळं आधी वाचून गेलो होतो. न वाचलेलं म्हणजे रंगवण्याची रीत. समोरचा माणूस डाव्या हाताच्या बोटांत गोल पत्ता धरून बसला होता आणि कुंचला जवळजवळ स्थिर. फिरत होता तो पत्ता. कूर्माच्या पंजीवरचं चौथं कासव चाललं होतं. एकेका कासवाच्या पाठीवर आधी हिरवा ठिपका, मग त्याभोवती काळी रेघ. मी घड्याळाकडे बघितलं तर म्हणाला, "घाय आसा काय तुमका? रंग सुकाक होयो." त्यानंच सांगितलं की खेळताना निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का. बायकोनं तिथंच जमिनीवर बसून तीन डाव समजून घेतले, मला अजून एकही येत नाही.

तिथून चितारआळी पायी. लाकडी फळं, भातुकली, चौरंग. लाकडी केळं हातात घेतल्यावर ते किती हलकं आहे याचंच नवल वाटतं. दुपारी मात्र जाऊ नका, अर्धी आळी जेवून झोपलेली असते.

कुडाळजवळचं पिंगुळीही याच फेरीत घ्या. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. गुरांच्या गोठ्यात मांडलेलं त्यांचं संग्रहालय बघताना चित्रांच्या जुन्या पोथ्यांवर हात फिरवायचा मोह होतो. आवरा.

आणि दशावतार, इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात असतोच. पानाच्या टपरीवर विचारलं तरी पत्ता मिळतो. नाटकाआधी अर्धा तास जाऊन मागच्या बाजूला उभे राहा. पेटाऱ्याला आरसा टेकवून नट स्वतःच रंगतात, आणि संवाद लिहिलेले नसतातच. आम्ही पाहिला त्या प्रयोगात राक्षसानं पहाटे तीनला पेंगणाऱ्या पहिल्या रांगेवर दोन वाक्यं केली आणि सगळं देऊळ जागं झालं.

सावंतवाडीचे तोटेही आहेत. स्टेशन गावापासून लांब, रिक्षावाल्याशी बोलणं आधी करून घ्यावं लागतं. जत्रेचा हंगाम चुकला तर रात्री तलावाला फेऱ्या मारण्यापलीकडे फारसं काही नाही. ज्यांना रोज नवं ठिकाण लागतं त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा येईल, कदाचित.

तरी मला विचाराल तर मध्यरात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरा, कुडाळला उतरा, आधी पिंगुळी आणि मुक्कामाला सावंतवाडी. २०१७ साली या गाडीला नाव दिलं ते केशवसुतांच्या कवितेवरून. गाडी सकाळी रत्नागिरीला थांबते तेव्हा मी खिडकीतून चहा घेतो आणि पुढे जातो. मालगुंड राहिलंच आहे. त्यासाठी यंदा एकटाच उतरणार आहे, मेहुण्यांना न सांगता.