‘च’खालची लाल रेघ : विचार बदलणाऱ्या तीन उपचारपद्धतींविषयी

गेल्या दोन वर्षांत मी बोलण्यातून होणाऱ्या मानसोपचाराच्या तीन पद्धतींचा एकापाठोपाठ एक अनुभव घेतला. तिन्ही वेळा तक्रार एकच होती, त्यामुळे माझ्यापुरती तरी त्यांची तुलना करता येते, आणि अशा उपचाराचा विचार करणाऱ्यांना ती उपयोगी पडावी म्हणून हे लिहीत आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे गणित शिकवते. बारावीच्या वर्गात इंटिग्रेशनचे एक उदाहरण सोडवताना माझ्याकडून एका चिन्हाची चूक झाली, उत्तर जुळेना, मागच्या बाकांवरची मुले हसली आणि मी खडू ठेवून वर्गाबाहेर आले. त्यानंतर तासाच्या आदल्या रात्री झोप उडू लागली. तीच उदाहरणे मी चार-चार वेळा सोडवून पाहत असे आणि तरीही फळ्यासमोर उभी राहिले की हात कापत. मनात विचार एकच असायचा : मुले मला हसतात, मला आता शिकवता येत नाही.

पहिली पद्धत म्हणजे सीबीटी, बोधात्मक वर्तनोपचार. तिचे जनक आरॉन बेक हे फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ. मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनाच्या तळाशी दबलेल्या भावना शोधणाऱ्या पद्धतीचे, शिक्षण घेतलेल्या बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांची स्वप्ने तपासली ती दबलेला राग सापडेल या अपेक्षेने, पण त्यांना तिथे अपयशाची आणि गमावल्याची चित्रे दिसली. रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांचा एक वेगळाच प्रवाह चालू असतो, हेही त्यांच्या लक्षात आले. हे विचार पकडायचे आणि पुराव्याच्या कसोटीला लावायचे, हा १९६०च्या दशकात आकाराला आलेल्या या पद्धतीचा गाभा आहे.

माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वहीत सात रकाने आखून दिले : प्रसंग, भावना आणि तिची शंभरपैकी तीव्रता, विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, तोल साधणारा विचार आणि शेवटी पुन्हा भावनेची तीव्रता. गणिताच्या माणसाला ही मांडणी लगेच पटते. ‘मुले मला हसतात’ या वाक्यात किती मनकवडेपणा, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले परस्पर गृहीत धरणे, भरलेला आहे, हे मला त्या रकान्यांमुळे प्रथमच दिसले. बाईंच्या सांगण्यावरून मी वर्गाकडून निनावी चिठ्ठ्या घेतल्या आणि या आठवड्यात शिकताना काय अडले, एवढेच विचारले. एकसष्ट चिठ्ठ्यांपैकी चार जणांनी मी फार भरभर पुढे जाते असे लिहिले होते, माझ्या चुकीचा उल्लेख एकाही चिठ्ठीत नव्हता. माझी भीती ऐंशीवरून पंचेचाळीसपर्यंत खाली आली, आणि सहा सत्रांत एवढा फरक पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र पंचेचाळीसच्या खाली ती उतरेना, कारण दोन मुले खरोखरच हसत होती. पुराव्याचा रकाना माझ्या विरुद्ध भरत होता आणि तो खोडून काढणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. बेक यांच्या पद्धतीत आपोआप येणाऱ्या विचारांच्या खाली माणसाचे नियम आणि मूळ समजुती असतात व कुशल उपचारक तिथपर्यंत नेतो, हे मला नंतर कळले. आमची सत्रे त्याआधीच संपली. तेव्हा ही उणीव पद्धतीची नसून मला मिळालेल्या उपचाराच्या लांबीची होती.

दुसरी पद्धत आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, आणि हिच्याविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५च्या सुमारास, मनोविश्लेषण सोडून, ही पद्धत मांडली. माणसे घटनांमुळे नव्हे तर घटनांकडे पाहण्याच्या दृष्टीमुळे अस्वस्थ होतात, हे एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचे मत त्यांनी पायाशी धरले. महाराष्ट्रात या पद्धतीची मुळे खोल आहेत. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली व इथे शिकवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या कामातून ती अनेक मराठी घरांपर्यंत पोहोचली. त्यामुळे हा उपचार अस्सल मराठीतून मिळू शकतो, आणि माझ्या मते हा मोठाच लाभ आहे.

याचे कारण असे की माझ्या दुखण्याचे मूळ मराठीच्या एका अक्षरात सापडले. समुपदेशक सरांनी मला आठवडाभराचे विचार जसेच्या तसे लिहून आणायला सांगितले. ‘माझे उत्तर बरोबर यायलाच हवे.’ ‘मुलांनी हसताच कामा नये.’ ‘बावीस वर्षांनंतर चूक होणे म्हणजे नामुष्कीच.’ त्यांनी काहीही न बोलता प्रत्येक ‘च’खाली लाल रेघ ओढली, दोन पानांत अशा सतरा रेघा झाल्या. उत्तर बरोबर यावे ही इच्छा आहे, ती ठेवा, असे ते म्हणाले. ‘च’ लागला की तिचा हट्ट होतो आणि माणूस त्या हट्टाशी बांधला जातो. मग त्यांनी बेक यांच्या वहीत कधीच न आलेला प्रश्न विचारला : समजा, मुले खरोखर हसली, तर पुढे काय?

माझ्यासाठी दोन पद्धतींतला भेद या एका प्रश्नात सामावलेला आहे. विचार वस्तुस्थितीला धरून आहे का, हे सीबीटीने मला प्रथम विचारले. आरईबीटीने वाईटात वाईट वस्तुस्थिती खरी धरली आणि तिच्यावर मी रचलेल्या मागणीला हात घातला. मुले हसणे अप्रिय आहे, पण असह्य नाही. चूक माझ्या कृतीत होती आणि कृतीला गुण देता येतात, संपूर्ण माणसाला गुण देण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नाही. रोज उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला हे वाक्य आतपर्यंत पोहोचले. ही सकारात्मक विचारसरणी नव्हे, हेही स्पष्ट करायला हवे, कारण पुष्कळांचा तसा समज असतो. ‘सगळे छान होईल’ असे मला कोणी म्हणायला लावले नाही. भीती जाऊन तिच्या जागी दक्षता यावी, एवढेच ध्येय होते.

लाज घालवण्याचे गृहपाठ हे या पद्धतीचे खास वैशिष्ट्य. एलिस आपल्या रुग्णांना भुयारी रेल्वेत स्थानकांची नावे मोठ्याने पुकारायला सांगत असत. मी लोकलच्या महिला डब्यात उभी राहून ‘मुलुंड आले’ असे खणखणीत आवाजात सांगितले. चार-पाच जणींनी वर पाहिले, एक जण पिशवी सावरून दाराकडे गेली, आणि त्याहून अधिक काहीही घडले नाही. पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर मुद्दाम चुकीचे चिन्ह लिहिले आणि ते शोधायला वर्गाला सांगितले. ते उमटताना छातीत झालेली धडधड आणि त्यानंतर तिचे हळूहळू ओसरणे मी कधी विसरणार नाही.

या पद्धतीचा धोकाही मी अनुभवला आहे. या सरांच्या आधी ज्या समुपदेशकांकडे गेले होते, त्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच ‘हा विचार अविवेकी आहे’ असा निवाडा दिला आणि उरलेला वेळ व्याख्यानात घालवला. घाबरलेल्या माणसाला वादात हरवणे म्हणजे उपचार नव्हे. दोन सत्रांनंतर मी त्यांच्याकडे जाणे सोडले.

तिसरी पद्धत अॅक्ट, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीचा उपचार. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या स्टीव्हन हेज यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. इथे विचाराशी वाद घालत नाहीत, त्याच्यापासून थोडे अंतर राखायला शिकतात. एखादा शब्द अर्धा मिनिट भराभर उच्चारत राहिले की त्याचा अर्थ गळून नुसता ध्वनी उरतो. मी ‘हसतात’ हा शब्द घेतला होता. रात्री दोन वाजता, जेव्हा ‘च’ शोधत बसल्याने झोप आणखी दूर जाते, तेव्हा मला याचा खरा उपयोग होतो. ज्यांचे मन प्रत्येक युक्तिवादाला प्रतियुक्तिवाद उभा करते, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. जीवनमूल्ये ठरवण्याचा भाग मात्र मला अर्ध्या इंग्रजीत मिळाला आणि तो मनात रुजला नाही. सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारलेला आठ आठवड्यांचा गटउपचारही मला कोणी सुचवला होता, पण तो वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी बेतलेला असल्याने मी घेतला नाही.

विचारांची उलटतपासणी हाच एकमेव मार्ग आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये सुमारे दीडशे नैराश्यग्रस्तांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ कृतिशीलता वाढवण्याचा उपचार मिळालेल्यांना संपूर्ण सीबीटी मिळालेल्यांइतकाच लाभ झाला होता. लोकलमधला तो एक मिनिट मला कित्येक रकान्यांपेक्षा अधिक शिकवून गेला, त्याची संगती मी या निष्कर्षाशी लावते.

खर्चाचे सांगायचे तर पन्नास मिनिटांच्या सत्रासाठी मी बाराशे ते पंधराशे रुपये दिले. पहिल्या फोनवरच उपचारकाची पात्रता विचारावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. गृहपाठ किती असतो आणि सत्र पूर्ण मराठीत घेता का, हे दोन प्रश्न मी आता सर्वांना विचारायला सांगते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पद्धतींची तुलना करत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावे किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

माझी आरईबीटीची अकरा सत्रे झाली असून आता महिन्यातून एकदाच जाते. वर्गातली भीती पंधरा-वीसच्या आसपास राहते आणि हात कापत नाहीत. घरातले ‘च’ अजून तसेच आहेत, विशेषतः मुलाच्या बाबतीतले, आणि पुढच्या सत्राला त्यांची वही घेऊन जायचे ठरवले आहे.