कोरल हेल्थ चार्ट: प्रवाळाची तब्येत टिपणारा तक्ता

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा हा जलरोधक रंगतक्ता नव्या स्वयंसेवकांच्या हाती द्यायला आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. प्रवाळाचा रंग फिकटला तर तब्येत बिघडल्याची शंका घ्यायची, म्हणून इथे रंगच मोजायचा. बी, सी, डी, ई अशा चार रंगछटा, प्रत्येकीच्या १ (सर्वांत फिकट) ते ६ (सर्वांत गडद) पायऱ्या. प्रवाळाच्या सर्वांत फिकट भागाशेजारी तक्ता धरायचा, जुळणाऱ्या छटेचं अक्षर आणि पायरीचा आकडा (जसं डी२) पाटीवर लिहायचा. मग सर्वांत गडद भागाचा. सोबत प्रकार: फांद्यांचा, गोट्यासारखा, ताटासारखा की मऊ. एका फेरीत किमान २० प्रवाळ, तेही आवडते निवडून नव्हे, वाटेत येतील तसे.

चूक बहुधा फांद्यांच्या टोकांवर होते. वाढती टोकं मुळातच पांढरी असतात, ती आजारी समजू नयेत. खोलवर लाल प्रकाश शोषला जातो आणि रंग फसवे दिसतात. तिथे टॉर्च हवाच. रंगीत काचेचा मास्क नको. प्रवाळाला तक्ता टेकवू नका.

रंग का उतरला, हे तक्ता सांगत नाही. म्हणून पाण्याचं तापमानही नोंदवा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. दोन पायऱ्यांची घसरण गांभीर्याने घ्यावी. वापरानंतर तक्ता गोड्या पाण्याने धुऊन अंधारात ठेवा. छटा उडालेला तक्ता सरळ बदला.