पहिलं पुस्तक कोणतं: ‘ख्रिस्तपुराण’ की ‘स्मृतिचित्रे’?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी शनिवारचं वाचन सुरू करायचं ठरलं. पहिला प्रश्न अर्थातच, काय वाचायचं? पुस्तक मुळात मराठीत लिहिलेलं हवं होतं, भाषांतर नको होतं. त्यात ख्रिस्ती श्रद्धा असावी, पण प्रवचन नसावं. आणि चारचौघांत मोठ्याने वाचता यावं. प्रवचनांच्या पुस्तिका आपल्याकडे ढिगाने आहेत. इंग्रजीतून घाईघाईने उतरवलेली पुस्तकंही पुष्कळ मिळतात, पण दहा पानांतच त्यांची वाक्यं टोचायला लागतात. चाळणी लावता लावता शेवटी दोन नावं उरली: फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’.

तेव्हापासून हाच प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. कुणाला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुणसंघासाठी पुस्तक हवं असतं, कुणाला स्वतःसाठी. एक मैत्रीण ख्रिस्ती नाही, पण तिलाही याच वाटेने काही वाचायचं होतं. म्हणून आमचा अनुभव जरा सविस्तर लिहितो. मी अभ्यासक नाही. सात-आठ माणसांच्या घोळक्यात दोन्ही पुस्तकं वाचली, तेव्हा काय झालं एवढंच मला सांगता येईल.

सुरुवात आम्ही ‘ख्रिस्तपुराणा’ने केली आणि त्याचा आग्रह माझाच होता. गोव्यातल्या साष्टीत राहिलेला एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू, म्हणजे हे स्टीफन्स, १६१६ साली रायतूरला मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्ताचं पुराण छापतो, ही गोष्टच मला लहानपणापासून भारून टाकायची. त्या वेळी गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी पुस्तक रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. पहिल्या पुराणात जुना करार येतो आणि दुसऱ्यात येशूचं चरित्र. मराठीचं कौतुक करणारी ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी सगळ्यांच्या तोंडी आहे. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट मोठी वाटते. हे पुस्तक एकट्याने बसून वाचायला लिहिलेलंच नव्हतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणं सुटली होती, कानांना ओवीची सवय होती आणि ती भूक तशीच राहिली होती. स्टीफन्सनी त्या भुकेला अन्न दिलं. पुढे कित्येक पिढ्या गोव्यातल्या चर्चमध्ये ते रविवारी आणि सणांना गायलं जाई. श्रद्धा, कला आणि समाज या तिन्ही गोष्टी याहून घट्ट कुठे बांधलेल्या सापडतील?

आमच्या शेजारचे काका वारकरी घरातले. कुतूहल म्हणून ते पहिल्या शनिवारी येऊन बसले. पुस्तक त्यांच्या हाती दिलं आणि ‘वो नमो विश्वभरिता’ त्यांनी असं उचललं, की आम्ही जन्माने ख्रिस्ती असलेली माणसं ऐकतच राहिलो. ज्ञानेश्वरीच्या सवयीने त्यांना श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळत होतं. तीन चरण यमकात चढत जातात आणि चौथा अलगद खाली येऊन बसतो. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेलं ऐकून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कपाळाला जरा आठी पडली होती, पण पुढच्या शनिवारी तेच म्हणाले, “हा शब्द लोकांच्या ओठांवर होता, त्यांनी तो तिथूनच घेतला.” त्यावर तासभर बोलणं झालं आणि ते फार चांगलं झालं.

पण गाडी पुढे सरकेना.

अडचण साधीच होती, तरी शेवटी निवड तिच्यावरच झाली. आमच्या हातातली प्रत ग्रंथालयातून आणलेली, जुनी देवनागरी आवृत्ती होती. शब्दार्थ पुस्तकाच्या मागे. वाचणाऱ्याचा डावा अंगठा ओवीच्या पानात आणि उजव्या हाताचं बोट मागच्या शब्दार्थांच्या पानात. दोन ओव्या झाल्या की कुणीतरी विचारायचं, “थांबा, हा शब्द काय?” मग पानं उलटायची. कधी शब्द सापडायचा, कधी नाही. कधी तो कोकणी निघायचा आणि मालवणकडच्या आमच्या एका भाचीला तो घरातला म्हणून माहीत असायचा. तेवढ्यापुरतं हसू उमटायचं, पण ओवीची लय तुटलेली असायची. ओवीची लयच गेली, तर तिच्यात राहतं काय? सहा शनिवार झाले तरी आम्ही आदाम-एवेपाशीच होतो. ग्रंथालयाची मुदत दोनदा वाढवून घेतली. सातव्या शनिवारी चारच माणसं आली.

कुणी म्हणेल, फादर नेल्सन फालकाव यांनी आजच्या मराठीत गद्य अर्थ दिलेली आवृत्ती २००९ साली आली आहे, ती घ्यायची होती. खरं आहे. एकट्याने अभ्यासाला बसणाऱ्याला मी तीच सांगेन. ते काम फार मोलाचं आहे. पण अर्थ हाताशी असला की डोळा ओवीवरून अर्थाकडे घसरतो, निदान आमचा तरी घसरतो. मग आपण बायबलच्या गोष्टी साध्या गद्यात वाचत बसतो आणि त्या तर आपल्याला पाठच आहेत. तेवढंच हवं असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जास्त जवळचं वाटेल. त्याची मराठी आजची आहे, आणि वसईच्या हिरव्या वाड्यांमधला त्यांचा माणूसपणा तिच्यात उतरलेला आहे.

आठव्या शनिवारी आम्ही ‘स्मृतिचित्रे’ काढलं.

ते मला आधी सुचलंच नव्हतं, कारण ते ‘वाचलेलं’ होतं. बहुतेकांचं हेच असतं. शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा येऊन गेलेला असतो, लक्ष्मीबाईंचे पती कवी ना. वा. टिळक यांच्या विसराळूपणाची एखादी गंमत आठवत असते आणि पुस्तक माहीत आहे असं वाटत राहतं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरू झालेलं पान मोठ्याने वाचायला लागलो आणि पंधरा मिनिटांत खोलीचा नूर बदलला. कुणी शब्द विचारत नव्हतं. एक मावशी भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

या पुस्तकातली श्रद्धा मला फार खरी वाटते, कारण ती उशिरा आणि नाइलाजाने येते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचं जगच कोसळलं. पदरात लहान मूल, माहेर-सासर दोन्हीकडे कुजबुज, नवरा जिवंत असून दुरावलेला. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. जातीचा विचार मनात घोळत घोळत एक दिवस गळून पडला आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसांमधली भिंत पडली, मग देवाचं नाव बदललं. आमच्यातल्या एका बाईंच्या आजीचीही गोष्ट जवळजवळ अशीच होती. त्यांच्या घरात ती कधी कुणी उघडपणे बोललं नव्हतं. आजी शेवटपर्यंत आपला तांब्या वेगळा ठेवायची, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या शनिवारी त्यांनी ते पहिल्यांदा चारचौघांत सांगितलं. त्यानंतर कुणी पुढचं पान उलटलं नाही. चहा झाला आणि आम्ही उठलो.

आता कलेचं बोलायचं तर या पुस्तकात कविता घरात राहते. भाकरी, आजारपण, पाहुणे आणि रिकामा डबा यांच्या मधोमध. ‘उपासना संगीता’तली टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. ती लिहिणाऱ्या माणसाच्या हातात पैसा टिकत नसे, आणि आल्यागेल्याला वाटून टाकल्यावर घर कसं चालवायचं हे बायकोने पाहायचं, हे कळल्यापासून मला ती गीतं वेगळी ऐकू येतात. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ म्हटलं गेलं, तो ठोमऱ्यांचा मुलगा पुढे याच घरात राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं, रागे भरल्या, जेवू घातलं. मोठा कवी रुसतो कसा, हे त्याला वाढणाऱ्या बाईकडून कळतं. आणि टिळक ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं काव्य अर्धवट टाकून १९१९ साली गेले, तेव्हा लग्न झालं त्या वेळी ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनीच त्याचा मोठा भाग लिहून काढला. ‘ख्रिस्तायन’ही कुणी मला सुचवतं. माझं मत, ते जरूर वाचा, पण ‘स्मृतिचित्रे’नंतर. मग त्यातली ओळ कुणाच्या हातची आहे याचा विचार करताना जीव गलबलतो.

समाज म्हणाल तर मिशनच्या आवारातलं जगणं, प्लेगची छावणी, घरात आणून वाढवलेली परक्याची मुलं असं सगळं येतं. शेवटच्या काळात टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. मंडळीचं दार किती रुंद असावं, हा आमच्याकडे आजही चर्चेचा विषय आहे. शेजारच्या काकांनी त्या दिवशी एकच विचारलं, “म्हणजे मी त्या दरबारात बसू शकलो असतो?” पाळकसाहेबांनी मान डोलावली.

‘स्मृतिचित्रे’तही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. लक्ष्मीबाई सनावळीच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. कोणतं आधी, कोणतं नंतर, याचा हिशेब आपल्याला ठेवावा लागतो. आम्ही शेवटी एका वहीत टिळकांच्या बिऱ्हाडांची गावं लिहून काढली, तेव्हा सोपं झालं. धर्मशास्त्र हवं असेल, तारण म्हणजे काय किंवा त्रैक्य म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर हे पुस्तक ते देणार नाही. स्टीफन्स देतात, आणि किती सुंदर देतात. अभ्यासवर्गासाठी पुस्तक शोधणाऱ्याने माझं ऐकू नये, सरळ ‘ख्रिस्तपुराण’ घ्यावं, रोज दहा ओव्या, सोबत वही-पेन्सिल.

विकत घेताना एक काळजी घ्या. ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही फिरत असते. आम्ही प्रत्येकाला आपापली प्रत आणायला सांगितलं आणि ‘स्मृतिचित्रे’च्या तिसऱ्या शनिवारी घोटाळा झाला. एकीच्या पुस्तकात अख्खा प्रसंगच नव्हता. दुकानदाराने तिला “सगळं एकच” म्हणून दिलं होतं. अशोक टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्ती मागा. ती पूर्ण आहे. जाड आहे म्हणून घाबरू नका, आमची आरामात होत आली आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर आतलं पान उघडून ‘संक्षिप्त’ हा शब्द आहे का, तेवढं पाहा.

तेव्हा माझं मत एव्हाना कळलंच असेल. दोन्ही घेण्याइतके पैसे आणि सवड असेल तर प्रश्नच नाही. एकच घ्यायचं असेल, सोबत चार माणसं असतील आणि त्यांनी पुढच्या आठवड्यातही यावं असं वाटत असेल, तर मी ‘स्मृतिचित्रे’ म्हणेन. माझ्याहून जाणती माणसं उलट सांगतील आणि त्यांचंही चूक नसेल. पण आमच्याकडे सातव्या शनिवारी चार माणसं होती, आता अकरा असतात.

‘ख्रिस्तपुराण’ आम्ही सोडलेलं नाही. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या पुराणातल्या येशूच्या दुःखसहनाच्या ओव्या काढल्या. या वेळी त्यांतले अवघड शब्द मी आधीच एका कागदावर लिहून, त्याच्या प्रती करून सगळ्यांना वाटल्या होत्या, म्हणजे मधे थांबायला नको. नर्सिंग शिकणारी एक मुलगी आमच्यात आहे. तिने काकांकडून ओवीची चाल शिकून घेतली होती. दोघांनी आळीपाळीने गायलं, पाऊण तास. कागदाकडे कुणी पाहिलं नाही. यंदाही तेच करायचं ठरलं आहे, आणि काकांनी आत्तापासून पेटी दुरुस्तीला टाकली आहे.