वर्दी की वाटाघाटीचं टेबल?

माझी भाची रोज पहाटे रेशीमबाग मैदानावर धावते. परवा घाम पुसत म्हणाली, "मावशी, शांततेसाठीच काम करायचं तर केंद्रीय राखीव पोलीस दलात जाऊ, की एमए करून वाटाघाटींकडे वळू?"

दोन्ही वाटा पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात दिसतात. जानेवारी २००७ मध्ये याच दलातल्या महिलांची तुकडी तिथल्या राजधानीत, मोनरोव्हियाला गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली अशी ती पहिलीच. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा. २०१६ पर्यंत भारतीय महिला तिथे होत्या. अत्याचार सोसलेली बाई बाईजवळच मोकळी होते, हे वर्दीचं मोठं बळ. पण त्या पोहोचल्या तेव्हा तिथलं यादवी युद्ध थांबलेलं होतं.

ते थांबवायला आधी २००३ मध्ये लायबेरियाची शांतता कार्यकर्ती लेमा बोवी आणि पांढऱ्या कपड्यांतल्या बायका घानाच्या राजधानीत, अक्रात, शांतता-वाटाघाटींच्या सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या. वाटाघाटी करणाऱ्या पुरुषांना बाहेर पडू देईनात. १८ ऑगस्टला शांतता करार झाला. तरीही त्या दाराबाहेरच होत्या, हे मला फार लागतं. उत्तर आयर्लंडमध्ये महिला आघाडी हा पक्ष निवडणूक लढवून वाटाघाटींत आत बसला, म्हणून १९९८ च्या शांतता करारात हिंसाचारातल्या पीडितांचा विचार आला.

सुरक्षा परिषदेचा २००० चा ठराव १३२५ दोन्हीकडे बायका मागतो. माझा कौल टेबलाला, कारण अटी तिथे ठरतात. पण वर्दीची निदान जाहिरात निघते, टेबलाची भरती कुठेच नसते. म्हणून तिला म्हटलं, धावणं सोडू नकोस, आणि एमएचा फॉर्मही याच आठवड्यात भर.