वर वाकवा की खाली समुद्र? मॉरिशसला उन्हाळा काढायचा तर

सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याकाठी रोज फेऱ्या मारणाऱ्या आमच्या टोळीतल्या एकाचा मुलगा नुकताच मॉरिशसला नोकरीला लागला. तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय: दोन महिने जायचं तर भाड्याचं घर वर पठारावरच्या वाकव्यात घ्यावं की खाली समुद्रकाठच्या फ्लिक-आं-फ्लाकला? आम्ही दोघं दोन्हीकडे राहिलोय, एक-एक उन्हाळा. म्हणून जे तोंडी सांगत होतो ते एकदाच लिहून टाकतो. व्हिसा, विमान, विमा यात शिरत नाही. ते मुलं बघतातच. आपलं काम सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरण्यापासून सुरू होतं.

आमची मुलगी तिथं नोकरीला आहे. तिच्याच घरी का नाही राहत, असं लोक विचारतात. आठ दिवस लेकीकडे छान वाटतं. नवव्या दिवशी जावई सोफ्यावरून उठून आपल्याला जागा देतो, आणि त्याला त्याच्याच घरात पाय पसरता येत नाहीत हे दिसायला लागतं. त्यामुळे घर वेगळंच. एप्रिलच्या मध्यावर निघायचं आणि इकडे मृग लागला की परतायचं. सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो तेव्हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि थंडीची चाहूल लागते. ऋतू आपल्या उलट, घड्याळ मात्र फक्त दीड तास मागे. तेवढ्याने झोप बिघडत नाही.

पहिल्या वर्षी वाकवा. बेटाच्या मधल्या पठारावरचं गाव, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच. उतरल्यावर पहिले आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. मे महिना आणि अंगात स्वेटर! मुलीचं घर पायी दहा मिनिटांवर. ऑफिसमधून येता येता ती डोकवायची, उभ्याउभ्या चहा घ्यायची आणि जायची. मेट्रोचं स्टेशन गावातच, त्यामुळे पोर्ट लुईला कुणाच्या गाडीवाचून जाता येतं. आप्रवासी घाट आम्ही असाच बघितला. 1834 पासून ऊसमळ्यांवर राबायला आणलेले आपले लोक तिथल्या दगडी पायऱ्या चढून बेटावर आले. हिने खाली वाकून त्या पायरीला हात लावला, बोलली काही नाही. वाकव्याच्या जवळच कात्र बोर्न आहे, तिथं गुरुवारी आणि रविवारी कापडाचा बाजार भरतो. सोलापूरच्या बाईला कापडाच्या बाजारात न्यावं आणि गंमत बघावी. हिने एक टॉवेल उचलला, अंगठ्याने दाबला, सुताची वीण उजेडात धरली आणि परत ठेवला. विकणारा बिचारा अजून भाव सांगत होता.

आणि शेजार. वाकव्याच्या आसपास मराठी घरं बरीच. चार-पाच पिढ्यांपूर्वी मुंबईहून जहाजाने गेलेल्यांची ही नातवंडं-पणतवंडं. आमच्या समोर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहायच्या. संकष्टीला ही त्यांच्याकडे गेली तर आजींनी आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग हिने विचारलं, “आजी, तब्येत बरी आहे ना?” आजी गोड हसल्या आणि क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीत, काहीतरी लांबलचक बोलल्या. आरती मराठीत, गुडघेदुखी क्रिओलमध्ये! तरी दोघींचं रोज तासभर चालायचं. कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हेही आजींनीच सांगितलं, अर्थात नातवाला दुभाषा करून.

इथवर वाचून वाटेल की प्रश्नच मिटला, वाकवाच. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण एके दिवशी भाकरी वाकली.

सोलापूरकरांना कडक भाकरी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली भाकरी. मोडली की कट्ट वाजते. प्रवासाला, परगावाला आमच्याकडे हीच. दही आणि शेंगाचटणी असली की जेवण झालं. हिने पातळ फडक्यात बांधून, वर घट्ट झाकणाचा डबा, अशा चाळीसेक भाकऱ्या नेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला, मी एक भाकरी दोन्ही हातांनी धरून मोडायला गेलो, तर ती मोडेना. वाकली. वाकव्यात भाकरी वाकली, असा विनोद मी केला. हिला तो आवडला नाही.

मग सगळ्यालाच सादळ लागलेली दिसायला लागली. तव्यावर शेकून भाकरी खायची, ती ताटात येईपर्यंत पुन्हा मऊ. चटणीचा गोळा झाला. कपाटातल्या माझ्या कोल्हापुरीवर हिरवट बुरशी चढली. घरून नेलेली चादर सोमवारी धुतली. गुरुवारी हात लावला तर अजून दमट, शिवाय कुबट वास. आमच्या गच्चीवर हीच चादर सकाळी टाकली तर दुपारच्या जेवणाआधी घडी घालता येते. पाऊस धो-धो नाही, सांगून तर नाहीच. ऊन पडलंय म्हणून कपडे बाहेर काढावेत आणि भुरभुर सुरू व्हावी. मॉरिशसच्या हवामान खात्याचं मुख्य ऑफिस वाकव्यातच आहे. मला वाटतं ते बरोबर जागी आहे.

कारण साधं आहे. आग्नेयेकडून समुद्रावरून वारे येतात, पठारावर चढताना थंड होतात आणि पाणी तिथंच सोडतात. पठाराच्या काही भागात वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, आणि पलीकडे उतरलं की पश्चिम किनाऱ्यावर 1000 मिलिमीटरच्या आत. आपल्याकडे सह्याद्री घाटमाथ्यावर सगळं उरकून घेतो आणि सोलापूरच्या वाट्याला रिकामे ढग येतात, तोच प्रकार. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातली आम्ही माणसं. दमट हवा आमच्या हाडांना ओळखत नाही. आजी तर तिथल्याच, त्यांना त्याचं काही वाटत नसेलही.

त्यात मुलगा-सून आणि दोन नातू पुण्याहून बारा दिवसांसाठी आले. त्यातले पाच दिवस भुरभुर. पोरं खिडकीशी मोबाइल घेऊन बसलेली. समुद्र बघायचा तर टॅक्सी नाहीतर दोन बस. गेलो की सगळ्यांचे ओले कपडे घेऊन परत दमट घरात. खुर्च्यांच्या पाठी, दाराच्या कड्या, फ्रिजचं हँडल, सगळीकडे चड्ड्या-बनियन. सून समजूतदार, काही बोलली नाही. पण बॅग भरताना अर्धे कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओलेच गेले, ते मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षी फ्लिक-आं-फ्लाक. ही जागाही फार गोड आहे असं नाही, आधीच सांगतो. घर साधारण सव्वापट महाग पडलं. मेट्रो नाही, आणि संध्याकाळनंतर बसच्या भरवशावर राहू नये. भाजी स्वस्त हवी तर पिशव्या घेऊन वर कात्र बोर्नला जायचं. रविवारी अख्खं बेट किनाऱ्यावर उतरतं. भांडी, चटया, म्हाताऱ्या, लेकरं, आणि दुपारनंतर सेगाचा, म्हणजे तिथल्या लोकसंगीताचा, ठेका. मला मजा वाटते, हिला दुपारची झोप लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने चष्म्याचा स्क्रू गंजला, कुलूप तेल मागायला लागलं. मोठं सरकारी हॉस्पिटल, व्हिक्टोरिया, वाकव्याला जवळ. किनाऱ्यावरून गाडीने अर्धा तास धरा. तुमच्यापैकी कुणाला हृदयाचं किंवा डायलिसिसचं काही असेल तर माझं पुढचं वाचू नका, वरच राहा.

पण चादर अडीच तासांत वाळली. मी घड्याळ लावून बसलो होतो.

भाकरी शेवटच्या आठवड्यापर्यंत वाजत होती. अगदी सोलापूरसारखी नाही, पण वाजत होती. सकाळी सहाला सुरूच्या झाडांखालून सपाट वाट, हिच्या गुडघ्यांना सोसेल अशी. लांब प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटतात, अलीकडचं पाणी गुडघाभर आणि शांत. नातू आले ते सकाळी घरातून गायब व्हायचे ते भूक लागल्यावरच दिसायचे. त्यांना रबरी बूट मात्र घ्या, तळाशी समुद्री साळिंदरं असतात, काटा रुतला तर सुट्टीचे दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी धाकट्याने आजीला हाताला धरून पाण्यात नेलं. नऊवारीच्या घरात वाढलेली ही बाई, पाचवारी वर खोचून, तोल सांभाळत उभी. पायांभोवती लहान मासे आले तशी ओरडली, “अहो, गुदगुल्या करतायत!” पन्नास वर्षांत मी तो आवाज फारसा ऐकला नव्हता.

मुलीचं रोजचं डोकावणं गेलं, हे खरं. त्याऐवजी ती शुक्रवारी संध्याकाळी यायची आणि सोमवारी पहाटे इथूनच ऑफिसला जायची. बसून चहा घ्यायची, दोनदा घ्यायची. जावईही किनाऱ्यावर पाय पसरून झोपायचा. ही म्हणते वर बरं होतं, रोज तोंड तरी दिसायचं. मी म्हणतो मुक्काम बरा. यावर आमचं एकमत नाही, आणि तुमचंही बहुधा होणार नाही. ज्यांना माणसांवाचून करमत नाही त्यांनी माझं ऐकण्याआधी हिला फोन करावा.

येत्या एप्रिलचं घर मी खालीच ठरवलंय. हिने तक्रार केली नाही, फक्त कपाटातून दोनाऐवजी तीन चादरी काढल्या. तिसरी, मोराच्या नक्षीची, समोरच्या आजींना. ती धुवायची झाली की आमच्याकडे खाली पाठवायची, वाळवून देऊ, असा निरोप मुलीबरोबर आधीच वर गेला आहे.